गोधडी द्यावी तर लेकराला द्यावी तशी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्यापेक्षा घाटावरच्या गावांना थंडी जरा जास्तच झोंबते. आमच्या गावाबाहेर वीटभट्टी आहे. भट्टीवरची लेकरे पहाटे कुडकुडत राखेच्या आसऱ्याला बसतात, हे जाता-येता आम्हांला दिसत होते. म्हणून वस्तीतल्या आम्ही आठ-दहा जणींनी घरोघर फिरून जुने कपडे गोळा केले, त्यांचे एक मोठे गाठोडे बांधले आणि भट्टीवर नेऊन दिले. चांगले काम केले, असे मनाला वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भट्टीवरची एक बाई तेच गाठोडे डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली. गाठोडे तिने खाली ठेवले. रागावली नाही, की आवाज चढवला नाही. एक सदरा उचलून दाखवला आणि एवढेच म्हणाली, "बाई, देयाचं होतं त बटनं काहून काढून घेतले?"

आम्ही गाठोडे सोडून पाहिले. सदऱ्यांची बटणे काढलेली. परकरांच्या नाड्या ओढून घेतलेल्या. साड्या मधोमध फाटलेल्या. एका पँटची चेनही उसवून काढलेली. आपल्या सगळ्यांच्या घरी बटणांचा एक डबा असतो. कपडा टाकायचा झाला की बटणे त्या डब्यात जातात. म्हणजे आम्ही कपडे दिले नव्हते, टाकले होते. ते बाहेर उकिरड्यावर टाकण्याऐवजी एका बाईच्या झोपडीत टाकले होते, एवढाच फरक. त्या रात्री आमच्यापैकी कोणाला नीट झोप लागली नाही.

उतरलेले कापड आपण विसरलो काय?

वाचक भगिनींनो, ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या हातून घडली असती तर एक वेळ सोडून दिली असती. पण ती आमच्या हातून घडली, याचीच जास्त लाज वाटली. कारण उतरलेले कापड म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे?

बलुत्याच्या काळात गावातल्या मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड हा महाराचा हक्क समजला जात असे. नाव हक्काचे होते, पण तो हक्क म्हणजे अपमानच होता. दुसऱ्याच्या तिरडीवरचे कापड आपल्या आज्या-पणज्यांनी नेसले, लेकरांना गुंडाळले. बाबासाहेबांनी हे जिणे सोडायला सांगितले. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी ते स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे जड दागिने का टाकावेत, कापड फाटके असले तरी स्वच्छ कसे असावे, हे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यासारखे समजावून सांगितले. तिथल्या बायकांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत तिथल्या तिथे बदलली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपली माणसे दीक्षेला उभी राहिली ती पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून. तिरडीवरच्या कापडापासून त्या पांढऱ्या वस्त्रापर्यंत पोचायला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या.

आणि आता आपल्या अंगावर धड कपडे आले, तर आपणच बटणे काढून घेतलेला सदरा दुसऱ्याच्या पुढ्यात टाकायचा?

चिंधीचे चीवर

पण जुने कापड देणे मुळातच वाईट आहे काय? आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. वस्तीतला एक विद्यार्थी विनयपिटकाचे भाषांतर वाचत होता. त्याने आम्हांला त्यातल्या कपड्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि आमचा गुंता बराचसा सुटला.

सुरुवातीच्या काळात भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या वेचत. त्याला पांसुकूल म्हणतात. कापड तेच, टाकलेले. पण भिक्खू ते धूत, कापून शिवत, रंगवत आणि मग अंगावर घेत. एकदा मगध देशातून जात असता तथागतांना बांधाबांधांनी आखलेली शेते दिसली. त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर तुला शिवता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून, मध्ये बांधासारख्या पट्ट्या घालून चीवर तयार केले. आजही भिक्खूंच्या चीवराची शिवण शेतासारखीच असते. तुकड्यातुकड्यांचे ते वस्त्र पाहून आज आपण हात जोडतो.

दुसरी गोष्ट कौशांबीची आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला संशय आला, एवढ्या कापडाचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? बारीक तुकडे करून मातीत कालवू आणि जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया खुदकन हसल्या. कारण आपल्या घरात दुसरे काय चालते? लुगड्याची वाकळ, वाकळीचे पोतेरे, पोतेऱ्याने चूल सारवायची. आपल्या माय-आज्यांना हा विनय कोणी शिकवला नव्हता. तो गरिबीने शिकवला.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा घ्या. अंगावर ठिगळांचा अंगरखा, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. स्वतः चिंध्या पांघरल्या आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उघड्याला वस्त्र द्या, असे ते जन्मभर सांगत राहिले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की दोष चिंधीचा नव्हता. लादलेली चिंधी माणसाला खाली दाबते. तीच चिंधी धुऊन, निवडून, टाका घालून आपल्या हाताने वस्त्र केली की तिचा मान वाढतो. आम्ही गाठोडे दिले तेव्हा त्यात आमचे श्रम नव्हते. म्हणून ते दान झाले नाही. आम्ही ठरवले, आता कपडे द्यायचे नाहीत. गोधड्या शिवून द्यायच्या.

वाचन आणि शिवण एकत्र

प्रश्न वेळेचा होता. आम्ही सगळ्या मजुरीवर जाणाऱ्या. पावसाळ्यात निंदण-खुरपण, दिवाळीच्या पुढे-मागे कापूस वेचणी. मग वर्षभराची अशी वाटणी केली. कापड गोळा करायचे, धुवायचे ते चैत्र-वैशाखात, कारण तेव्हा ऊन कडक असते. शिवायचे वर्षावासात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असतेच. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ऐकताना हात रिकामे असतात, त्या हातांना सुई दिली. सुरुवातीला काही पुरुष मंडळी कुरकुरली, की विहारात चिंध्या कशाला? त्यांना आनंदाच्या शिवणकामाची गोष्ट सांगितली. नंतर त्यांच्यातलेच दोघे दोरा ओवून द्यायला बसू लागले.

चार जणी एका गोधडीला बसल्या आणि रोज तास-दीड तास हात चालला, तर दहा-बारा दिवसांत एक गोधडी उतरते. पहिल्या वर्षावासात आमच्या अकरा झाल्या. खर्च म्हणाल तर दोऱ्याचा आणि सुयांचा. तो दहा-दहा रुपये वर्गणीतून निघाला.

ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी

कापड सुतीच घ्यावे. जुनी सुती साडी, नऊवारी लुगडे, धोतर, सुती सदरे, फ्रॉक चालतात. नायलॉन, जॉर्जेट, टेरिकॉट वगळावे. ते घाम टिपत नाही, अंगावरून सरकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोधडी ज्यांच्याकडे जाणार ती माणसे चुलीजवळ, शेकोटीजवळ निजतात. ठिणगी पडली तर असले कापड वितळून कातडीला चिकटते.

कापड धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात भिजवून धुवावे आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवावे. मग शिवणी उसवून घ्याव्यात. बटणे, हुक, चेन काढाव्यात. इथे ती काढायलाच हवीत, कारण गोधडीत ती टोचतात. आमच्याकडे ही बटणे आता वेगळ्या डबीत ठेवतो. धडका सदरा कोणाला द्यायचा असेल तर त्याला नसलेले बटण याच डबीतून लावून देतो.

माप साधारण पावणेचार फूट रुंद आणि साडेसहा-सात फूट लांब असावे. साडेपाच मीटरच्या दोन साड्या घेतल्या तर साडीच्या पन्ह्याएवढ्या रुंदीचे पाच थर होतात. एका नऊवारी लुगड्याचे चार थर बसतात. चार-पाच थरांची गोधडी आपल्याकडच्या थंडीला पुरते. त्याहून जाड केली तर सुई चालत नाही आणि धुतलेली लवकर वाळत नाही.

मजबूत कापड खाली आणि वर घालावे. विरलेले, मऊ झालेले कापड आतल्या थरांत घालावे. खालचा थर जमिनीवर ताणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर एकेक थर हाताने सपाट करत अंथरावा. सुरकुती राहिली की ती पुढे पाठीला रुतते. सगळे थर बसले की मधून कडेकडे जात लांब-लांब कच्चे टाके घालून घ्यावेत. हे टाके आळसाने टाळले की शिवताना थर सरकतात आणि गोधडी फुगते. आमची पहिली गोधडी अशीच फुगली. ती आम्ही सबंध उसवली आणि पुन्हा शिवली.

ठिगळे वरच्या थरावर लावावीत. प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडून घ्यावी, नाहीतर धुण्यात धागे सुटतात. रंगांची मांडणी आधी जमिनीवर करून पाहावी. फुकट द्यायची म्हणून कसेही रंग जोडू नयेत. आमच्या मुलींनी निळ्या तुकड्यांचा एक चौकोन मधोमध धरला आणि भोवती बाकीचे रंग लावले. मगधाच्या शेतांसारखीच दिसायला लागली.

मग धावदोरा. कडेपासून सुरू करून आत-आत फेर घेत मधोमध संपवायचा. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवले तर एका गोधडीत शंभर मीटरहून जास्त लांबीची शिवण होते. दोऱ्याला मेण लावले तर तो गुंतत नाही. चार कोपऱ्यांना टाके दुहेरी घालावेत, कारण लेकरे गोधडी कोपऱ्याला धरूनच ओढतात.

उरलेल्या मऊ तुकड्यांची बाळांसाठी दुपटी करावीत. दोन फूट बाय अडीच फूट पुरे. बाळाच्या अंगाकडच्या बाजूला गाठ येऊ देऊ नये.

पेटीतले पांढरे लुगडे

एके दिवशी वाचन चालू असताना आमच्या वस्तीतल्या सगळ्यांत वडील आजी एक पुडके घेऊन आल्या. आत पांढरे लुगडे होते, जुनेपणाने पिवळसर पडलेले. त्यांची आई ५६ साली मलकापूरहून रेल्वेने नागपूरला गेली होती, ती हे लुगडे नेसून. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या. आई गेल्यावर लुगडे त्यांनी पेटीत जपून ठेवले होते. आता ते त्यांनी गोधडीत घालायला आणले.

आमच्यात एकच गलका झाला. हे लुगडे म्हणजे समाजाचा ठेवा आहे, ते काचेच्या पेटीत ठेवायला हवे, असे शिकलेल्या मुलींचे म्हणणे. काहींना तर रडूच आले. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पेटीत ठेवून कोनाच्या अंगाले ऊब लागते वो माय? माह्या मायनं हे लुगडं नेसून मान वर केली. आता ते जो पांघरीन, त्याचीबी मान वर राहीन."

एक जण म्हणाली, आजी, पण कापड विरले आहे, ते आतल्या थरात जाईल, कोणाला दिसणारसुद्धा नाही. आजी म्हणाल्या, "न दिसेना. ऊब त लागीन."

शेवटी काठाची एक वीतभर पट्टी कापून त्यांच्या नातीच्या हाती दिली. उरलेले लुगडे दोन गोधड्यांच्या पोटात गेले. त्या दोन गोधड्या कोणाकडे गेल्या हे आम्ही कोणाला सांगितले नाही, घेणाऱ्यांनाही नाही. आपल्याला कोणी मोठी वस्तू दिली, हे ओझे त्यांच्या डोक्यावर कशाला? पण त्या दिवसापासून आमच्या कापड गोळा करण्यात फरक पडला. बाया फाटके आणण्याऐवजी धडके कापड आणू लागल्या.

मग बाजारचे ब्लँकेट काय वाईट?

आमच्या मुलींनी हाही प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळतात. हरियाणातल्या पानिपतला जगभरातले टाकलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी पुष्कळ ब्लँकेटे तिथलीच असतात. ते काम मोठे आहे. पुरात, पावसात माणसे उघड्यावर आली तर गोधडी कामाची नाही. ती भिजली की जड होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. तिथे ब्लँकेट आणि ताडपत्रीच हवी, आणि तीही त्याच दिवशी हवी.

पण संकटात जुने कपडे नुसते पाठवून दिले तर काय होते, हे २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दिसले. देशभरातून गेलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. तिथल्या माणसांनी ते वापरले नाहीत. 'गूंज' या संस्थेने नंतर ते गोळा करून, निवडून कामी लावले. देणाऱ्याने जे काम आधी करायला हवे होते, ते असे दुसऱ्याला करावे लागले.

गोधडीचे बळ रोजच्या जगण्यात आहे. ती खाली अंथरता येते, वर पांघरता येते, घरी धुता येते, फाटली तर घरीच ठिगळ लावता येते. आणि ती करताना माणसे एकत्र बसतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गुलामांच्या वंशातल्या काळ्या बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. समान हक्कांच्या चळवळीत मतदार म्हणून नाव नोंदवल्यामुळे त्यांच्यापैकी कित्येकींची कामे गेली, घरे गेली. १९६६ साली त्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून संसार सावरले. २००२ साली त्याच भागातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. आपल्या चिंधीला कमी लेखू नये, हे सांगायला एवढे उदाहरण बस झाले.

देताना

आपल्या जिल्ह्यातून सिंदखेडराजा, लोणार, मेहकर भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. हिवाळाभर ती उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात. त्यात आपलीही माणसे असतात, दुसऱ्या समाजांचीही असतात. थंडीला जात नसते. म्हणून गोधड्या आश्विन पौर्णिमेपर्यंत पुऱ्या करून, ती कुटुंबे निघायच्या आधी देतो. काही भट्टीवर देतो.

देताना काही गोष्टी आम्ही पाळतो. कार्यक्रम नाही, हार नाही, फोटो नाही. लेकराच्या हातात गोधडी देऊन त्याला कॅमेऱ्यापुढे उभे करणे हे बटणे काढून घेण्यासारखेच आहे. संध्याकाळी घरी जायचे, बसायचे, पाणी प्यायचे. त्यांच्या हातचे पाणी प्यायल्याशिवाय उठायचे नाही. गोधडी कशी धुवायची ते सांगायचे आणि म्हणायचे, फाटली तर घेऊन या, आपण मिळून ठिगळ लावू.

त्या गाठोडेवाल्या बाईकडेही गेलो. तिने गोधडी उलटीपालटी केली, कोपरा ओढून पाहिला, टाके मोजल्यासारखी बोटे फिरवली. मग आत गेली आणि एक पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत तिच्याच लुगड्याचे तुकडे होते, स्वच्छ धुतलेले, घडी घातलेले. म्हणाली, "पुढच्या खेपेले हे घाला. अन् मले बी बोलवा. माह्या हाताचा टाका तुमच्याहून बारीक हाये."

यंदा ती आमच्याबरोबर शिवायला बसते. टाका खरेच बारीक आहे.

भगिनींनो, आपल्या घरातली पेटी उघडा. जे आपल्या लेकराच्या अंगावर घालायला आपण कचरू, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी काढू नका. बाकी कापड कितीही जुने असो, धुवा, निवडा आणि संध्याकाळी चार जणी मिळून बसा. वर्षावास दर वर्षी येतो.

जय भीम.